आपले गाव कोठे आहे?

महाड कोठे आहे, असे पाचवीतल्या मुलाला विचारले तर तो 'रायगड जिल्ह्यात' असे सांगतो. पोलादपूरच्या एखाद्या आजीला तिचे गाव विचारा; ती म्हणेल, 'महाबळेश्वरचा घाट उतरलास की आमचंच गाव.' नकाशा पाहणारा सांगेल, 'अठरा अंश उत्तर आणि साडेत्र्याहत्तर अंश पूर्व यांच्या आसपास.' तिघेही खरे बोलतात. एकाच प्रश्नाची तीन खरी उत्तरे येतात तेव्हा प्रश्नच नीट समजून घ्यावा लागतो. भूगोलात 'स्थान' नावाचा जो धडा असतो, तो याच प्रश्नाचा. मुले तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि मोठी माणसे तो विसरून जातात. मी कामगारांत वावरणारा माणूस. भूगोल शाळेत थोडा आणि हिंडण्यात अधिक शिकलो. तेव्हा उदाहरणेही तशीच येतील.

स्थान दोन प्रकारचे असते. पहिले निरपेक्ष, म्हणजे कोणाच्या आधाराने न सांगता येणारे. नाटकाच्या तिकिटावर रांग आणि खुर्चीचा क्रमांक असतो. तेवढ्यावर अंधारातही आपली जागा सापडते. पृथ्वीवर अक्षांश ही रांग आणि रेखांश हा खुर्चीचा क्रमांक. अठरा अंशांचे अक्षवृत्त आपल्या अगदी जवळून जाते. महाड त्याच्या थोडे उत्तरेस आणि पोलादपूर जवळजवळ त्याच्यावरच. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे आपण विषुववृत्तापासून सुमारे २००० किलोमीटर उत्तरेस आहोत.

हे आकडे कोरडे वाटतात, पण ते आपल्या अंगणात उतरतात. मे महिन्याच्या मध्यास मुलांना अंगणात एक सरळ काठी उभी करायला सांगा. दुपारी तिची सावली नाहीशी होईल. कारण अठरा अंशांवर त्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैच्या अखेरीसही तो तसाच येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग त्याला दिसू देत नाहीत. ही झाली अक्षांशाची खूण. आता घड्याळ पाहा. सावली बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास नाहीशी होते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची आहे. आपण तिच्या नऊ अंश पश्चिमेस. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. नऊ चोक छत्तीस! तेवढा सूर्य आपल्याकडे उशिरा येतो. ही रेखांशाची खूण.

१९०६ च्या आरंभी ही प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला होता. घड्याळाचे काटे सुमारे ३९ मिनिटे पुढे सरकले, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने भोंगा तितका लवकर वाजू लागला. रेखांश हा शब्द त्यांनी ऐकला असो वा नसो, त्याचा अर्थ त्यांच्या झोपेला कळला होता.

दुसरे स्थान सापेक्ष, म्हणजे इतरांच्या संबंधाने सांगायचे. आजीचे उत्तर या जातीचे. यातली गंमत अशी, की निरपेक्ष स्थान हलत नाही, पण सापेक्ष स्थान माणसाच्या हातून बदलते. एके काळी घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून महाडास उतरे आणि भरतीच्या पाण्याबरोबर सावित्रीतून आलेल्या गलबतांत भरून मुंबईस जाई. तेव्हा महाड हे बंदर होते. पुढे सडका झाल्या, मोटारी आल्या, आणि तेच महाड मुंबई-गोवा रस्त्यावरचे गाव झाले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. ती तालुक्यातून गेली, पण शहरात आली नाही, म्हणून महाडकर आजही वीर स्टेशनावर उतरतो. गाव तसूभर हलले नाही; मार्ग हलले, आणि गावाचे नशीब त्यांच्याबरोबर हलले. हे मार्ग कोणीतरी खणून, फोडून, रुळ टाकून तयार केलेले असतात, हेही मुलांना सांगावे.

सापेक्ष स्थान जसे पोट भरते तसेच जिवावरही उठते. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि महाडाजवळ तिला गांधारी मिळते. वर डोंगरात मुसळधार आणि खाली खाडीला भरती अशी गाठ पडली, की पाणी बाजारपेठेत शिरते. २२ जुलै २०२१ रोजी हेच झाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. नकाशावर तळिये महाडापासून दूर नाही. पण रस्ते पाण्याखाली गेल्यावर तेच गाव मदतीच्या आवाक्याबाहेर गेले. अंतर किलोमीटरांत मोजतात, पण संकटात ते वाटेत मोजावे लागते.

वाट केवळ पाणी आणि दरडच अडवतात असेही नाही. चवदार तळे भर वस्तीत आहे. १९२४ साली महाड नगरपालिकेने ते सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, तरी अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्या माणसाला त्याचे पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तेथे जाऊन पाणी प्राशन केले. त्यानंतरचा कोर्टातला दावा मार्च १९३७ पर्यंत, म्हणजे आणखी दहा वर्षे चालला. ते चार पावलांचे अंतर तुडवायला समाजाला किती काळ लागला! तळ्याचे अक्षांश-रेखांश सर्वांना सारखेच होते. तळ्यापासूनचे अंतर मात्र सारखे नव्हते.

म्हणून मुलांना स्थान शिकवताना आकडे जरूर शिकवावेत, पण तेथे थांबू नये. त्यांना आणखी तीन प्रश्न विचारावेत: आपल्या घरापासून पाणी, दवाखाना आणि शाळा किती दूर आहे? तेथे जाणारी वाट पावसाळ्यात उघडी राहते काय? आणि ती वाट सर्वांना सारखीच उघडी आहे काय? पहिल्याचे उत्तर फूटपट्टी देईल. उरलेल्या दोहोंसाठी मुलांना गावातून हिंडावे लागेल, आणि त्यांच्याबरोबर आपल्यालाही.