विश्लेषण : ५० हजारांचे आणि आठ लाखांचे ‘डायव्ह वॉच’, फरक नेमका कशात?

छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेले घड्याळ मनगटावर असावे, ही हौस इथेही असतेच. पन्नास हजारांच्या आसपास मिळणारे सेइको प्रॉस्पेक्स ‘टर्टल’ आणि आठ लाखांहून महाग रोलेक्स सबमरिनर, दोन्ही बॅटरीविना चालतात. मग किमतीत सोळा पटींचा फरक का?

पाण्यात कोणते टिकते?

दोन्ही. सेइकोची क्षमता २०० मीटर, तर रोलेक्सची ३०० मीटर. तुलनेसाठी, जायकवाडी धरणाची उंची सुमारे ४१ मीटर आहे. म्हणजे नाथसागर काठोकाठ भरला तरी स्वस्त घड्याळाची क्षमताही त्याच्या खोलीच्या कितीतरी पट उरते. हौशी स्कूबा डायव्हिंगची मर्यादाही ४० मीटरच मानली जाते. त्यामुळे जादा १०० मीटरसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

‘डायव्ह वॉच’ कशाला म्हणायचे?

‘आयएसओ ६४२५’ या मानकानुसार असे घड्याळ किमान १०० मीटर खोलीचे हवे, अंधारात वाचता यायला हवे आणि लिहिलेल्या क्षमतेपेक्षा २५ टक्के जास्त दाबावर तपासलेले हवे. डायलभोवतीची कडी एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागला तरी पाण्याखाली उरलेला वेळ कमीच दिसतो, जास्त नाही. ‘३० मीटर’ लिहिलेले साधे घड्याळ मात्र फक्त पाण्याच्या शिंतोड्यांपुरते असते. ते घालून पोहू नये.

मग आठ लाख कशाचे?

मुख्यतः अचूकतेचे, साहित्याचे आणि नावाचे. सेइकोचे ‘४आर३६’ यंत्र दिवसाला ४५ सेकंद पुढे किंवा ३५ सेकंद मागे जाऊ शकते, असे कंपनीच सांगते. रोलेक्सची हमी दिवसाला अधिक-उणे २ सेकंदांची आहे. महिन्याचा हिशेब केला, तर एकीकडे जास्तीत जास्त सुमारे २२ मिनिटे, दुसरीकडे एक मिनिट. काढून ठेवल्यावर सेइको सुमारे ४१ तास चालते, रोलेक्स ७० तास. म्हणजे शुक्रवारी रात्री काढलेले रोलेक्स सोमवारी सकाळीही चालू असते. रोलेक्सची काच नीलम स्फटिकाची, चरा सहसा न पडणारी. सेइकोची काच कडक केलेली, पण चरा पडू शकणारी.

गंमत म्हणजे, हजार रुपयांचे बॅटरीचे घड्याळ या दोघांपेक्षा अचूक असते.

घेताना काय पाहावे?

पाणी अडवतात ती आतली रबरी सील. वर्षे सरतात तशी ती सैल पडतात. त्यामुळे दाबाची तपासणी न झालेले जुने सबमरिनरही पाण्यात बेभरवशाचे असते. किल्ली पूर्ण आवळल्याशिवाय पाण्यात जाऊ नये आणि गरम पाण्याच्या अंघोळीत घड्याळ काढून ठेवावे. सेकंडहँड घ्यायचे तर अनुक्रमांक, हमीपत्र आणि शेवटच्या दुरुस्तीची पावती मागावी. वॉटर-प्रूफ तपासणी कुठे होईल, हेही घेण्याआधीच विचारावे.

निष्कर्ष

तारकर्लीला जाऊन बुडी मारायची असेल, तर पहिले घड्याळ पुरते. दुसरे घ्यायचे तर ते पाण्यासाठी नव्हे, कारागिरीसाठी आणि प्रतिष्ठेसाठी घेत आहोत, हे स्वतःला स्पष्ट सांगून घ्यावे.