डिस्प्ले येण्याआधीची चार मिनिटं

"मावशी, डिस्प्ले येत नाहीये."

रात्री साडेदहाला डोंबिवलीहून बहिणीच्या मुलाचा फोन आला, तेव्हा त्याचा आवाज रडवेला झाला होता. दोन वर्षं साठवलेल्या पैशांतून त्याने लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणला होता आणि दिवसभर बसून गेमिंगचा पीसी स्वतःच्या हाताने जोडला होता. बटण दाबलं की पंखे फिरत होते, रंगीत दिवे लागत होते, पण मॉनिटर काळाच. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला होता : मदरबोर्ड गेलाय, घेऊन या.

"बटण दाबल्यावर किती वेळ थांबतोस?" मी विचारलं.

"अर्धा मिनिट. मग बंद करतो आणि परत लावतो. दहा-बारा वेळा केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले.

बोर्डाच्या उजव्या कडेला, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसची २४ पिनांची जाड केबल बसते तिथे, बऱ्याच बोर्डांवर मोहरीएवढे चार दिवे असतात. शेजारी बारीक अक्षरांत सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं. सुरू होताना बोर्ड एकेक गोष्ट तपासत पुढे जातो आणि जिथे अडतो तिथला दिवा पेटलेला राहतो. या तपासणीला 'पोस्ट' म्हणतात. १९८१ मधल्या आयबीएम पीसीपासून ती चालत आली आहे. त्या काळी दिव्यांऐवजी छोट्या स्पीकरचे बीप मोजावे लागत. भाच्याच्या बोर्डावर डीरॅमचा पिवळा दिवा लागलेला होता. आदल्या दिवशीही तो लागलेलाच असणार. पण पंख्यांच्या रोषणाईत त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

हा एक दिवा दिसला की निम्मं काम होतं. डीरॅमपर्यंत मजल गेली याचा अर्थ वीज नीट पोचते आहे आणि प्रोसेसर जागा आहे. नवशिके सर्वाधिक विसरतात ती बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली आठ पिनांची केबल. ती लावली नाही तर पंखे फिरतात, पण प्रोसेसरला वीज मिळत नाही. इथे ती जागेवर होती. त्या कोपऱ्यात जे चालतं ते थक्क करणारं आहे. केबलमधून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला मात्र जेमतेम सव्वा व्होल्ट हवा असतो. व्होल्टेज एवढं उतरवलं की तेवढ्याच शक्तीसाठी विद्युतप्रवाह त्या प्रमाणात वाढतो. १०० वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला ८० अँपिअर लागतात! घरातल्या गीझरच्या सॉकेटवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, त्याच्या पाचपट. प्रोसेसरभोवती रांगेने बसवलेले काळे-करडे ठोकळे म्हणजे कॉइल. त्यांच्या शेजारचे ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन १२ व्होल्टचे तुकडे पाडतात आणि कॉइल व कपॅसिटर मिळून ते तुकडे सपाट करतात. बोर्ड विकत घेताना पैसे कुठे घालावेत असं कोणी विचारलं, तर मी या भागाकडे बोट दाखवते. रोषणाईकडे नाही.

आता रॅम; डीरॅमचा दिवा तिचाच. आपल्याकडे रॅमची शंका आली की पहिला उपाय ठरलेला : पट्टी काढा, सोनेरी दातांवर खोडरबर घासा, परत लावा. जुन्या, धूळ बसलेल्या पीसीत याने खरंच गुण येतो. पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गुण येतो तो पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्यामुळे. नव्या पट्टीवर खोडरबर चालवू नये. त्या दातांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, तो कशाला झिजवायचा?

भाच्याच्या दोन्ही पट्ट्या घट्ट बसल्या होत्या. फक्त त्या प्रोसेसरजवळच्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये होत्या. त्याचं म्हणणं सरळ होतं : चार जागा आहेत, दोन पट्ट्या आहेत, मग पहिल्यापासून भरत जायचं. बोर्डाच्या पुस्तिकेत मात्र ए२ आणि बी२, म्हणजे दुसरा आणि चौथा स्लॉट, असं स्पष्ट छापलेलं होतं. पुस्तिका अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होती.

मी लगेच पट्ट्या हलवल्या नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बिघाड सापडला तरी तो कशाचा होता ते कळत नाही. आणि अर्ध्या मिनिटात वीज तोडण्याची त्याची घाई, हीदेखील एक 'गोष्ट' होतीच. म्हणून काहीही न हलवता पीसी लावला आणि घड्याळ समोर ठेवलं. दहा मिनिटं झाली, पिवळा दिवा हलला नाही. मग वीज बंद करून, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, एकच पट्टी ए२ मध्ये बसवली, दुसरी बाजूला ठेवली, आणि पुन्हा बटण दाबलं.

वाट पाहता पाहता मी त्याला बोर्डाचा एक भाग दाखवला. तुम्हीही कधीतरी पाहा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर आणि रॅमच्या मधल्या पट्ट्यात तांब्याच्या बारीक रेघा दिसतात. काही सरळ जातात. काही मात्र विनाकारण नागमोडी वळणं घेत गेल्यासारख्या वाटतात, जणू कोणी रांगोळीचा काठ काढला आहे. त्या वळणांचा सौंदर्याशी संबंध नाही. जी रेघ मुळात आखूड पडते तिला मुद्दाम वळसे घालून शेजारणीच्या लांबीला आणलेलं असतं.

एवढी काटेकोर लांबी कशासाठी? ज्या रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलेलं असतं, तिच्या एका तारेवरून सेकंदाला ६०० कोटी बिट जातात. म्हणजे एका बिटच्या वाट्याला येतो नॅनोसेकंदाचा सहावा भाग. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. तेवढ्यात प्रकाश निर्वात जागेत ३० सेंटीमीटर जातो. फायबरग्लासच्या बोर्डावर विजेचा संदेश त्याच्या साधारण निम्म्या वेगाने, १५ सेंटीमीटर. त्याचा सहावा भाग अडीच सेंटीमीटर, बोटाच्या एका पेराएवढा. प्रोसेसर ते रॅम हे अंतर सात-आठ सेंटीमीटर धरलं, तर पहिला बिट रॅमपाशी पोचण्याआधी त्याच्या मागून दुसरा आणि तिसरा निघालेले असतात. एकाच तारेवर तीन बिट एकामागोमाग वाटेत! अशा ६४ तारा. त्यातली एक जरी पेरभर लांब झाली, तरी तिचा बिट पुढच्याच्या वेळी पोचणार आणि सगळा आकडा चुकणार.

बोर्डावरच्या लांबीची काळजी आखणारे घेतात. पण त्यानंतरही बारीक फरक उरतातच. प्रत्येक प्रोसेसर, प्रत्येक पट्टी, प्रत्येक स्लॉटचा स्पर्श किंचित वेगळा असतो आणि हे फरक कारखान्यात कोणालाच आधी माहीत नसतात, कारण तुमचा प्रोसेसर आणि तुमची रॅम पहिल्यांदा तुमच्या टेबलावरच भेटतात. म्हणून पहिल्यांदा सुरू होताना यंत्र मोजमाप घेतं. ठाऊक असलेला एक नमुना रॅममध्ये लिहितं, परत वाचतं, वाचण्याची वेळ किंचित अलीकडे सरकवतं, पुन्हा वाचतं, मग पलीकडे. कुठून कुठपर्यंत उत्तर बरोबर येतं याच्या दोन्ही कडा सापडल्या की वेळ बरोब्बर मधोमध ठरवतं. हेच सगळं व्होल्टेजच्या पातळीसाठी. या खटाटोपाला 'मेमरी ट्रेनिंग' म्हणतात.

आणि हे करायचं कोणी? ज्या मेमरीत प्रोग्रॅम चालवायचा, तीच अजून तयार नसते. इंटेलचे प्रोसेसर आपल्या पोटातल्या कॅश नावाच्या छोट्या मेमरीलाच तात्पुरती रॅम मानून वेळ भागवतात. भाच्याकडे एएमडीच्या एएम५ सॉकेटचा रायझन होता. त्यात मुख्य गाभे जागे होण्याआधी आत बसवलेला एक छोटा प्रोसेसर उठतो आणि रॅम तयार करून ठेवतो. डीडीआर५ रॅमला हे काम पहिल्यांदा करताना काही मिनिटं सहज लागतात. त्या वेळात पडदा काळा असतो, कारण पडद्यावर काही दाखवण्याइतकं यंत्र अजून तयारच झालेलं नसतं. बोर्ड त्याची सर्वांत नाजूक मोजणी करत असतो आणि नेमकं तेव्हाच माणूस घाबरून वीज तोडतो. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बोर्ड बनवणाऱ्यांना या मुलांसाठी खोक्याच्या झाकणावर ठळक अक्षरांत 'पहिल्यांदा दहा मिनिटं थांबा' एवढं छापणं जड नव्हतं, असं मला मनापासून वाटतं.

चार मिनिटं होऊन गेल्यावर पिवळा दिवा विझला, पाठोपाठ बाकीचेही. पडद्यावर बोर्डाचं चिन्ह उमटलं. भाचा खुर्चीवरून उठून उभाच राहिला. मग बंद करून दुसरी पट्टी बी२ मध्ये बसवली, आणखी काही मिनिटं थांबलो, आणि दोन्ही पट्ट्या दिसल्या.

मग पहिल्या दोन स्लॉटमध्ये काय बिघडत होतं? अशा बोर्डांवर प्रोसेसरकडून निघालेली तार आधी जवळच्या स्लॉटला शिवते आणि पुढे लांबच्या स्लॉटपाशी संपते. कपडे वाळत घालायच्या दोरीला एका टोकाने झटका द्या; लाट दुसऱ्या टोकाला पोचते आणि तिथून परत येते. तारेतल्या संदेशाचंही तसंच आहे. पट्टी शेवटच्या स्लॉटमध्ये असली की तारेच्या टोकाला तो संदेश सामावून घेणारं कोणीतरी असतं. पट्टी जवळच्या स्लॉटमध्ये लावून लांबचा रिकामा ठेवला, तर पुढे लोंबणाऱ्या रिकाम्या तारेवरून संदेश परतून येतो आणि मागून येणाऱ्या बिटांत मिसळतो. शिवाय पहिले दोन स्लॉट एकाच रस्त्याचे. पुस्तिकेत ज्याला चॅनल म्हणतात असे दोन रस्ते असतात, ए आणि बी. दोन्ही पट्ट्या ए वर लावल्या तर बी मोकळा पडून राहतो. इथे दोन्ही पट्ट्या लावल्यामुळे लांबचा स्लॉट रिकामा नव्हता, पण एकाच रस्त्यावर दोन पट्ट्यांचा भार होता आणि तो डीडीआर५ ला फार जड जातो. भाच्याच्या पीसीत ट्रेनिंग तिथेच फसत होतं.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, शिरल्यावर त्याला थेट गेमकडे धावायचं होतं. मी त्याला दोन कामांसाठी थांबवलं. पहिलं, बायोस अद्ययावत करणं. ही केवळ औपचारिकता नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर बोर्डावरच जळाल्याच्या तक्रारी आल्या, आणि त्यानंतर एएमडीने, रॅमचा वेग वाढवताना चढवलं जाणारं एसओसी व्होल्टेज १.३ व्होल्टच्या वर जाऊ न देणारी दुरुस्ती बायोसमधूनच दिली. जुन्या बायोसवर बसून रॅमचा वेग वाढवणं म्हणूनच मला पटत नाही. पेनड्राइव्हवरून बायोस भरताना वीज जाऊ देऊ नये; आम्ही पीसी यूपीएसवर घेतला. त्यानंतर पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा काळा पडदा. या वेळी मात्र भाच्याचे हात मांडीवर होते.

तारीख-वेळही चुकीची होती, ती त्याने बसवली. ती लक्षात ठेवणारा नाण्याएवढा सेल म्हणजे सीआर२०३२, तीन व्होल्टचा. त्याच्या जोरावर एक क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद उरतो. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये हे घड्याळ आलं, आणि त्याच चिपमध्ये बोर्डाच्या सेटिंगसाठीही जागा होती, घड्याळासकट सगळी मिळून ६४ बाइट. बोर्ड भलत्याच सेटिंगवर अडकला तर आजही सेल काढून ठेवतात, किंवा वीज तोडून क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने जोडतात, ते या वारशामुळेच.

दुसरं काम रॅमच्या वेगाचं. खोक्यावर ६००० असलं तरी आपोआप तो वेग मिळत नाही. भाच्याची रॅम ४८०० वर चालत होती. पट्टीवरच्या एका चिपमध्ये वेगवान सेटिंगची नोंद असते. एएमडी तिला एक्स्पो म्हणतं, इंटेल एक्सएमपी. ती एका क्लिकने चालू होते, पण रॅमला १.१ च्या जागी बहुधा १.३५ व्होल्ट द्यायला लागते. आणि रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग आहे ५२००. ६००० म्हणजे हद्दीबाहेरचा वेग. बहुतेक वेळा निभतो. पण निभतो की नाही हे विंडोज टाकण्याआधी तपासावं, हा माझा आग्रह आहे. रॅम क्वचित जरी चुकत असेल, तरी ती चूक विंडोजच्या एखाद्या फाइलमध्ये कायमची लिहिली जाऊ शकते. मग महिनाभराने गेम मधेच बंद पडतो आणि पोर ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतं.

एक्स्पो चालू केलं, पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ लावला आणि रात्रभर चालू ठेवला. भाचा मध्येच दोनदा उठून बघून आला म्हणे. सकाळी सहाला त्याने फोटो पाठवला. फोटो हललेला होता, पण चुकांच्या रकान्यातलं शून्य वाचता येत होतं.