भूकंपाची टेहळणी

पृथ्वीस आपण अचला म्हणतो. परंतु हे तिचे नाव जितके गोड आहे तितके खरे नाही. पर्जन्य, वारा व ऊन यांची नोंद ठेवण्याकरिता जशा वेधशाळा असतात, तशाच पायांखालील जमिनीच्या हालचालीची रात्रंदिवस नोंद ठेवणाऱ्याही वेधशाळा आहेत, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. वरवट बकालसारख्या गावी, जेथे उत्तरेस सातपुड्याची रांग दिसते व दक्षिणेकडे पूर्णेचे सपाट खोरे पसरलेले आहे, तेथे भूकंपाचा विचार करण्याचे प्रयोजन काय, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यापूर्वी भूकंप म्हणजे काय व त्याची टेहळणी कशी करतात, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे.

ज्या भूखंडावर आपला देश वसला आहे, तो दर वर्षी सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत असून आशिया खंडाच्या मुख्य भागास रेटीत आहे. या रेट्यानेच हिमालय उंचावला. रेट्याचा ताण केवळ हिमालयापाशीच राहतो असे नाही. तो दक्षिणेकडील पठाराच्या पोटातही साठतो. तेथे खडकांत फार जुन्या काळच्या भेगा आहेत. त्यांस भूगर्भशास्त्रात विभंग म्हणतात. ताण सहन होईनासा झाला म्हणजे विभंगाच्या दोन्ही बाजू एकदम घसरतात, आणि तळ्यात दगड टाकला असता जशा लाटा पसरतात, तशा लाटा खडकातून चोहोंकडे पसरतात. हाच भूकंप होय. आपल्या जिल्ह्यात लोणारचे सरोवर असल्यामुळे कित्येकांची अशी समजूत आहे की, आपल्याकडील जमिनीखाली ज्वालामुखी धुमसत असला पाहिजे. ही समजूत चुकीची आहे. लोणारचा खळगा उल्कापातामुळे झाला. आणि ज्या लाव्हारसापासून आपला काळा पाषाण बनला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजून गेला आहे.

आता यंत्राविषयी. इसवी सन १३२ मध्ये चीन देशातील चांग हेंग नावाच्या विद्वानाने एक पात्र तयार केले होते. त्याच्या भोवती आठ दिशांस आठ नागमुखे असून प्रत्येकात एक गोळा असे व खाली एकेक बेडूक तोंड वासून बसविलेला असे. दूर कोठे भूकंप झाला म्हणजे एका मुखातील गोळा बेडकाच्या तोंडात पडे. भूकंप झाला एवढे त्यावरून कळे. परंतु कंप किती वेळ टिकला, त्याचे स्वरूप काय होते, हे कळत नसे. ही उणीव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये राहून काम करणाऱ्या जॉन मिल्न इत्यादी शास्त्रज्ञांनी दूर केली. त्यांच्या यंत्राचे तत्त्व अगदी सोपे आहे. बैलगाडीने एकदम हिसका दिला असता आत बसलेला मनुष्य मागे राहतो, कारण जड वस्तू आपली स्थिती सहसा सोडीत नाही. तद्वत जमीन हलली असता टांगलेले जड वजन क्षणभर जागच्या जागी राहते आणि भोवतालची चौकट मात्र जमिनीबरोबर हलते. या दोहोंमधील फरक फिरत्या कागदावर रेखाटला म्हणजे झाला कंपलेख. आजच्या यंत्रांत कागदाऐवजी विद्युत्साधने असून काळाची नोंद उपग्रहांच्या साहाय्याने होते. तत्त्व मात्र तेच.

कंपलेखावर प्रथम एक लहान थरथर दिसते व नंतर मोठी. याचे कारण असे की, भूकंपातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली लाट खडकास पुढेमागे दाबीत जाते. तिचा वेग भूपृष्ठाजवळील खडकांत सेकंदास सुमारे ६ किलोमीटर असतो. दुसरी खडकास आडवी हलवीत जाते व तिचा वेग सुमारे साडेतीन किलोमीटर असतो. या दोन लाटा कंपलेखावर प्रथम वेगवेगळ्या ओळखण्याचे श्रेय आपल्याच देशातील भूगर्भ-सर्वेक्षण खात्यात नोकरीस असलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांस दिले जाते. १२ जून १८९७ रोजी आसामात जो प्रचंड भूकंप झाला, त्याचा अभ्यास करताना त्यांस हे दिसून आले.

या दोन लाटांच्या येण्यातील अंतर म्हणजे भूकंप किती दूर झाला हे मोजण्याची जणू मोजपट्टीच. विजेची चमक व मेघांची गर्जना यांतील अवधीवरून वीज किती दूर पडली हे आपण ताडतो, तसाच हा प्रकार आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी हे गणित करून पाहावे. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च व १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी सकाळी ४.५ परिमाणाचे धक्के बसले. ते स्थळ वरवट बकालपासून सरळ रेषेत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आहे. आपल्या गावी यंत्र आहे असे धरले, तर वरील वेगांनी पहिली लाट त्यावर सुमारे २९ सेकंदांनी व दुसरी सुमारे ५० सेकंदांनी येईल. अंतर २१ सेकंद. त्यास ८ ने गुणिले असता १६८ येतात, म्हणजे ढोबळ हिशेबाने आपण खऱ्या अंतराच्या बरेच जवळ आलो. परंतु एका यंत्रावरून केवळ अंतर कळते. दिशा नक्की होत नाही. यास्तव तीन ठिकाणच्या यंत्रांवरून तीन अंतरे काढून नकाशावर कंपासने तीन वर्तुळे काढावयाची. ती जेथे एकमेकांस छेदतात, तेथे भूकंपाचे केंद्र. एकाच ठिकाणचे यंत्र कितीही उत्तम असले तरी शेजाऱ्यांच्या साक्षीवाचून त्याचे काम अपुरे राहते.

याच कारणासाठी वेधशाळांचे जाळे लागते. आपल्या देशात १८९८-९९ च्या सुमारास कोलकात्याजवळील अलीपूर, मुंबईतील कुलाबा व दक्षिणेतील कोडाईकनाल येथे मिल्न यांची यंत्रे बसली. मिशनरी शाळा-महाविद्यालयांचाही या शास्त्राशी संबंध आला आहे. अमेरिकेतील जेझुइट धर्मगुरूंनी १९०९ मध्ये आपल्या विद्यालयांतून भूकंपयंत्रे बसविण्याचा उपक्रम आरंभिला व १९२५ मध्ये त्यास संघटित रूप दिले. आज भारतात हे कार्य २०१४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र करीत असून त्याच्या अधीन दीडशेहून अधिक वेधशाळा आहेत. हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थाही या कामी मोठा भाग घेते.

महाराष्ट्रास या टेहळणीचे महत्त्व पटले ते फार मोठी किंमत देऊन. कोयना नदीवरील धरणात १९६२ मध्ये पाणी साठू लागल्यावर त्या भागात लहान लहान धक्के जाणवू लागले. पुढे ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ परिमाणाचा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झाले व पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. साठलेल्या पाण्याचा भार व खडकांच्या फटींत मुरणारे पाणी यांमुळे, आधीच ताणलेला विभंग घसरण्यास निमित्त मिळते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. कोयनेचे धक्के सुमारे २० किलोमीटर रुंद व ३० किलोमीटर लांब एवढ्याच टापूत आजही होत असल्यामुळे जगातील अभ्यासकांचे लक्ष तिकडे लागले आहे. तेथे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. त्यात वरचा सुमारे सव्वा किलोमीटर काळा पाषाण ओलांडल्यावर त्याखालचा प्राचीन खडक लागला. या कार्यासाठी कराड येथे स्वतंत्र प्रयोगशाळा आहे.

दुसरा आघात याहूनही भयंकर. लातूर व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारीच्या परिसरात १९९२ मध्ये धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असता, ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे मृत्यू पावली. येथे परिमाण या शब्दाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. परिमाण हे भूकंपाच्या मूळ शक्तीचे माप. ते एका अंकाने वाढले तर शक्ती सुमारे ३२ पटींनी वाढते. याउलट तीव्रता म्हणजे एखाद्या स्थळी जाणवलेला परिणाम. कंदिलाची ज्योत एकच असते, पण प्रकाश जवळ अधिक व दूर कमी पडतो, तसेच हे. ६.२ हे परिमाण जगाच्या मानाने फार मोठे नव्हे. मग एवढा संहार का झाला? एक तर भूकंपाचे केंद्र फार खोल नव्हते. दुसरे, तेथील घरांच्या भिंती ओबडधोबड दगड मातीत रचून जाड केलेल्या होत्या व वर माळवदाचा अवजड भार होता. दगडांस एकमेकांत गुंतविणारे काही नसल्याने भिंती फुटल्या व माळवदे निजलेल्या कुटुंबांवर कोसळली. लोकांचा काळ झाला तो घरांच्या रचनेमुळे. या आपत्तीनंतर दख्खनच्या पठारावरील वेधशाळांची सुधारणा करण्यात आली.

आता आमच्या परिसराकडे वळू. सातपुड्याच्या पायथ्याशी मोठे विभंग आहेत. गाविलगडचा विभंग त्यांतील एक. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या पश्चिम भागात ६ हून अधिक परिमाणाचा भूकंप झाला होता. त्याच्याही उत्तरेस, नर्मदेच्या पट्ट्यात, २२ मे १९९७ रोजी जबलपूरनजीक भूकंप होऊन प्राणहानी झाली. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यात कठीण खडकावर खोल गाळ साचलेला आहे. आमचा खारपाणपट्टा तो हाच. कठीण खडकापेक्षा मऊ गाळात लाटांचा झोका अधिक वाढतो, हे शास्त्राने सिद्ध झाले आहे. यावरून येथे उद्याच भूकंप होईल असे कोणी समजू नये. उन्हाळ्यात काळ्या रानास ज्या भेगा पडतात, त्या तर माती वाळून आकसल्यामुळे पडतात. त्यांचा भूकंपाशी काही संबंध नाही. मात्र आपला प्रदेश अगदी निर्धास्त आहे, असेही म्हणता येत नाही.

इतकी यंत्रे असूनही भूकंप अमुक दिवशी होईल असे आधी सांगता येते काय? नाही. चीनमध्ये १९७५ साली हाइचेंग येथील भूकंपापूर्वी लहान धक्क्यांवरून लोकांस बाहेर काढण्यात यश आले. परंतु पुढच्याच वर्षी तांगशान येथे पूर्वसूचनेवाचून भूकंप होऊन दोन लाखांहून अधिक लोक मरण पावले. सबब भूकंपाची तारीख व वेळ सांगणारी वार्ता, मग ती कोणाच्याही तोंडून येवो, खोटी समजावी. जपानात २००७ पासून सर्व देशभर जी इशारापद्धती सुरू आहे, ती निराळी. भूकंप झाल्यावर पहिली, जलद पण सौम्य लाट यंत्रे टिपतात आणि दुसरी, विनाशक लाट पोहोचण्यापूर्वी काही सेकंद सूचना देतात.

मग टेहळणीचा उपयोग काय? धक्के कोठे, किती खोल व किती वेळा होतात हे वर्षानुवर्षे नोंदल्यावाचून कोणत्या भागात घरे, पूल व धरणे किती मजबूत असावीत हे ठरविता येत नाही. तसेच भयाचे निवारण होते. पालघर जिल्ह्यात डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि थंडीच्या दिवसांत पुष्कळ कुटुंबांनी रात्री घराबाहेर काढल्या. हिंगोलीकडील काही गावांतून जमिनीतून गूढ आवाज येतात म्हणून लोक धास्तावले. अतिशय उथळ व लहान भूकंपांतून असा आवाज निघू शकतो, हे यंत्राच्या नोंदीवरून समजावून सांगता येते. नोंद नसेल तर अफवेचेच राज्य चालते.

पालकांस आमची विनंती आहे की, नवे घर बांधताना पाया, मध्य व छत या पातळ्यांवर भिंतीभोवती सलग लोखंडी सळ्यांचे काँक्रीटचे पट्टे घ्यावे. दगडी भिंत असेल तर दोन्ही अंगांस जोडणारे लांब दगड मधून मधून घालावे. आणि जुन्या धाब्यावर दर पावसाळ्यापूर्वी मातीचे थरावर थर चढवून भार वाढवू नये. विद्यार्थ्यांनी धक्का जाणवताच धावाधाव न करता बाकाखाली बसून डोके झाकावे, हादरे थांबल्यावर रांगेने मैदानात जावे, आणि वेळ, स्थळ व जे पाहिले ते वहीत लिहून ठेवावे. अशा नोंदीही शास्त्रज्ञांस उपयोगी पडतात.

शुभवर्तमानातील खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा दृष्टांत आमच्या शाळेत सर्वांस पाठ आहे. आमच्या गावाखाली खडक फार खोल आहे व वर काळी माती आहे. गाव उचलून खडकावर नेणे शक्य नाही. तेव्हा तो शहाणपणा आम्ही भिंतींच्या बांधणीत व नोंदींच्या नेमस्तपणात दाखविला पाहिजे. या उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचे कोपरे, तुळया व भेगा वडील माणसांबरोबर एकदा नीट तपासाव्या, म्हणजे हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.