एअर इंडियाची विक्री आणि राखीव जागांचा प्रश्न

27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या ताब्यात गेली. वृत्तपत्रांनी तिचे ‘घरवापसी’ म्हणून स्वागत केले. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. वर्गात या विषयावर चर्चा निघाली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आपल्यापैकी विमानात बसतो कोण? मग कंपनी सरकारची असो की टाटांची, आपल्याला काय त्याचे?” प्रश्न रास्त आहे. मात्र विमानात कोण बसतो एवढे पाहून त्याचे उत्तर मिळणार नाही. त्या कंपनीत नोकरी कोणाला मिळू शकते, आणि अन्याय झाला तर दाद कोठे मागता येते, हे पाहिले पाहिजे.

आधी थोडा इतिहास. 1932 साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले. टाटांच्या विमानसेवेची ती सुरुवात. 1946 मध्ये तिचे नाव एअर इंडिया झाले. महायुद्धानंतर लष्कराची उरलेली डकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या. प्रवासी थोडे, कंपन्या फार; बहुतेक तोट्यात गेल्या. 1953 च्या कायद्याने सरकारने या कंपन्या ताब्यात घेतल्या, मालकांना मोबदला दिला आणि परदेशी व देशांतर्गत उड्डाणांसाठी दोन महामंडळे स्थापली. तेव्हा राष्ट्रीयीकरण केवळ समाजवादाच्या प्रेमातून झाले, असा भ्रम नको. बुडत्या धंद्यांचे ओझेही त्या निमित्ताने जनतेच्या माथी आले.

परंतु मालकी सरकारची झाली की एक दार उघडते. राज्यघटनेच्या 12 व्या अनुच्छेदात ‘राज्य’ या शब्दाची व्याख्या आहे आणि न्यायालयांनी सरकारी महामंडळांचा समावेश त्या व्याख्येत केला आहे. महामंडळ ‘राज्य’ ठरले की समानतेचा 14 वा अनुच्छेद त्याला बांधतो. अनुसूचित जातींच्या 15 टक्के, अनुसूचित जमातींच्या साडेसात टक्के आणि मंडल निर्णयानंतर इतर मागासवर्गांच्या 27 टक्के जागा सार्वजनिक उद्योगांत आल्या, त्या 16 व्या अनुच्छेदाच्या आधाराने. पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला, तोही 14 व्या अनुच्छेदाखाली. लग्न व वय यांविषयीची काही बंधने त्याच निकालाने कायम ठेवली, हेही खरे. पण दाद मागण्यास जागा होती.

ती जागा आता उरलेली नाही. एअर इंडियाच्या काही कर्मचाऱ्यांनी वेतन व बढतीच्या तक्रारी घेऊन मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केल्या होत्या. याचिका दाखल झाल्या तेव्हा कंपनी सरकारी होती; निकाल लागेपर्यंत ती विकली गेली. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनी आता ‘राज्य’ नाही, म्हणून तिच्याविरुद्ध रिट चालणार नाही. कर्मचारी तेच, तक्रारी त्याच; फक्त मालक बदलला आणि घटनेचे दार बंद झाले.

यावर असे म्हणतात की दररोज सुमारे 20 कोटींचा तोटा जनतेने किती काळ सोसायचा? काडेपेटीवरही कर भरणाऱ्या शेतमजुराने विमानाचा तोटा का भरावा? हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. पण हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. कंपनीवर 61 हजार कोटींहून अधिक कर्ज होते. टाटांनी 18 हजार कोटींची बोली लावली; त्यात 15,300 कोटींचे कर्ज त्यांनी अंगावर घेतले आणि 2,700 कोटी रोख दिले. उरलेले सुमारे 46 हजार कोटींचे कर्ज सरकारी कंपनीकडेच राहिले. ते अंशतः जमिनी व इमारती विकून फेडायचे. म्हणजे कंपनी गेली, तरी कर्जाचा मोठा वाटा त्या शेतमजुराच्याच दारात राहिला. आणि खाजगी मालकी म्हणजे कार्यक्षमता, असे म्हणावे तर किंगफिशर 2012 मध्ये, जेट 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये जमिनीवर का आली?

तरीही सरकारी मालकीचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. 2021 मध्ये एअर इंडियात 12,085 कर्मचारी होते. त्यांपैकी 4,001 कंत्राटी. विक्रीपूर्वीच तिसरा हिस्सा कायमच्या नोकरीबाहेर गेला होता. सरकारी मालकी हा राखीव जागांचा आधार असतो, हमी नसते.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी आणि हे घटनेतच लिहावे, अशी मागणी केली. कारण साधे कायदे बहुमत बदलले की बदलतात. बेकार माणूस पोटासाठी आपले हक्क सोडून देतो, हेही त्यांनी तेथे दाखवले. ती मागणी घटनेत आली नाही. 1953 ला एका कायद्याने जे आले, ते 1994 ला तो कायदा रद्द होऊन सैल झाले आणि 2022 ला विकले गेले.

मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. महाविद्यालयातली माझी जागा म्हणजे बिंदुनामावलीतला एक बिंदू आहे. कोणा संस्थाचालकाला दया आली म्हणून तो बिंदू मिळाला नाही. खाजगी उद्योगांनी स्वेच्छेने दलितांना सामावून घेण्याच्या आचारसंहिता काढल्या आहेत. त्या जरूर राबवाव्यात. पण स्वेच्छेने दिलेले स्वेच्छेने काढून घेता येते. म्हणून सार्वजनिक उद्योग विकायचाच असेल तर राखीव जागांची अट विक्रीच्या करारात आली पाहिजे, आणि खाजगी नोकऱ्यांसाठी घटनेच्या बळावर कायदा झाला पाहिजे. विमाने, जमिनी आणि कर्जे यांची वाटणी करारात पैशापैशाने होते. आमच्या हक्कांची नोंदही त्याच कागदावर झाली पाहिजे.