किंमत रुमालाखाली, दोष उजेडात

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात एकदा तरी सौदा होताना पाहावा. जाणकार गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नाही. घोड्याचा ओठ वर करून दात बघतो, खूर उचलतो, अंगावरचे भोवरे न्याहाळतो आणि मग म्हणतो, "जरा चालवून दाखवा." दातावरून वय कळते, चालीवरून पायातला दोष. झूल कितीही भरजरी असली तरी तो आधी ती काढायला लावतो.

जुनी, फेरफार केलेली स्पोर्ट्स कार विक्रीला निघाली की मला हाच बाजार आठवतो. नवा लाल रंग, रुंद टायर, घुमणारा सायलेन्सर ही तिची झूल. ती बाजूला सारून गाडी कशी पाहायची, हे आपल्या नंदुरबार भागातल्या हौशी लोकांना ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेख.

बदल म्हणजे नेमके काय?

जुन्या गाडीच्या बाबतीत जगात दोन पंथ आहेत. पहिल्याला गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. इंजिन नंबर, चॅसी नंबर, रंग, काचासुद्धा मूळच्याच. दुसरा पंथ जुने रूप ठेवून आतली यंत्रणा नवी करतो. २००९ मध्ये रॉब डिकिन्सन यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेली 'सिंगर' ही कंपनी दुसऱ्या पंथाची. पोर्श ९११ ची '९६४' ही पिढी घ्यायची, पार सांगाडा उघडा करायचा आणि एकेक भाग नव्याने घडवायचा, असे तिचे काम. अशा गाडीला अस्सल गाडीहून जास्त किंमत येते.

आपल्याकडे खऱ्या स्पोर्ट्स कार थोड्याच आल्या. त्यामुळे वेगाची हौस भागली ती घरच्या गाड्यांवर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. तिचे १०८९ सीसीचे इंजिन महाराष्ट्रातल्या किती मेकॅनिकांनी बोर केले, हेड घासले, कार्बोरेटर बदलले, याची गणती नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरत, तेव्हा अशाच तयार केलेल्या फियाट तिथे धावत.

दुसरी गाडी स्टँडर्ड हेरल्ड. १९६१ पासून मद्रासला बनणाऱ्या या गाडीचे नाते थेट स्पोर्ट्स कारशी आहे. मूळ इंग्लिश ट्रायम्फ हेरल्डची चॅसी आखूड करून १९६२ मध्ये 'स्पिटफायर' ही दोन माणसांची उघडी गाडी निघाली. दोन्हींचे रेखाटन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचे.

छत कापलेली फियाट

हेरल्डची चॅसी वेगळी, तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली. छत नसले तरी खालचा सांगाडा भार पेलतो. फियाट ११०० ला वेगळी चॅसीच नाही. फरशी, खांब आणि छत मिळूनच तिची ताकद. हा फरक पुस्तकात वाचला होता, पण खरा कळला तो शहादा तालुक्यात, एका स्नेह्यासाठी गाडी पाहायला गेलो तेव्हा.

शेडमध्ये छत कापून उघडी केलेली फियाट उभी होती. दिसायला देखणी. मी खिशातला लोहचुंबक रुमालात गुंडाळला, रंगावर ओरखडा नको म्हणून, आणि मडगार्डवरून फिरवला. पुढे तो चिकटला, चाकाच्या कमानीवर आला तसा घसरला. म्हणजे तिथे पत्रा सडला होता आणि वर जाड लांबी (पुट्टी) भरली होती. मग दार उघडे ठेवून आम्ही गाडी एका बाजूने जॅकवर हळूहळू उचलली. चाक जमिनीवरून सुटल्यावर दार लावायला गेलो, तर ते चौकटीत बसेना. वर बोटभर फट, खाली घासत होते. छत गेल्यावर दाराखालच्या पट्टीला आणि फरशीला जाड आधार जोडायला हवा होता, तो कोणी जोडलाच नव्हता. खड्ड्यातून जाताना ती गाडी मधोमध पिळली जाणार होती. स्नेह्याचा चेहरा उतरला, पण त्यांचे पैसे वाचले.

दुसरी परीक्षा ब्रेकची. मोठे इंजिन बसवले आणि चारही चाकांना जुनेच ड्रम ब्रेक ठेवले, तर सपाटीवर काही जाणवत नाही. तोरणमाळचा सातपायरी घाट उतरताना मात्र ड्रम तापतात आणि पाय दाबला तरी गाडी थांबायला वेळ लावते. म्हणून इंजिनाची ताकद ऐकली की लगेच विचारावे, "ब्रेकचे काय केले?"

आरसी बुकातली गाडी

लोखंडाइतकेच कागद तपासावेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठासून सांगितले. रंग बदलता येतो, पण त्याची नोंद हवी. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी हवी. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसाठी मात्र रस्त्यावर आणता येते. अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्या बदलांचे कौतुक विक्रेता सांगतो, त्यांच्यामुळेच ही नोंदणी हातची जाऊ शकते. छत कापायला कटर उचलण्याआधी हौशी माणसाने एवढे आठवावे.

नंदुरबारला आणखी एक गोष्ट जपावी लागते. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. तिकडच्या पासिंगची गाडी स्वस्त मिळाली तरी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. इथला एमएच-३९ नंबर मिळणे त्यावरच अवलंबून. विकणाऱ्यानेही फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते.

हौसेचा हिशेब

मी बदलांच्या विरोधात नाही. एखादा मेकॅनिक लेथवर तास-तास उभा राहून न मिळणारा भाग घडवतो, तेव्हा ती गाडी आणखी एक पिढी जगते. ती विद्या जपलीच पाहिजे. माझे मागणे एवढेच, की केलेले प्रत्येक काम वहीत लिहावे: तारीख, सुटा भाग, कोणाच्या हातचे, काढलेला जुना भाग कुठे ठेवला. कामाचे फोटो काढावेत. गाडी विकायला काढताना वही गिऱ्हाईकासमोर ठेवावी, आणि सडलेला पत्राही आपणच दाखवावा. लिहिलेला बदल गाडीचा इतिहास होतो. लपवलेला बदल पुढच्या मालकाला घाटात गाठतो.

जनावरांच्या बाजारात दोन माणसे रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवतात. किती दिले, किती घेतले, बाजूच्याला कळत नाही. किमतीपुरता तो रुमाल ठीक आहे. पण जनावर उघड्या मैदानात, सगळ्यांसमोर चालवून दाखवलेले असते. जुन्या गाडीचा सौदाही तसाच व्हावा.