चायना ग्रासची किमया

उन्हाळ्यात पाहुणे यायचे असले की पुष्कळ घरांत दुधात चायना ग्रास शिजवून वड्या पाडतात. त्या बाहेर राहिल्या तरी आकार सोडीत नाहीत. जिलेटिनची जेली मात्र थोड्याच वेळात पाझरू लागते. दोहोंत मुख्य भाग पाण्याचाच. मग एक ताठ आणि दुसरी इतकी हळवी का?

याच हळवेपणाने १८८१ साली जर्मनीत डॉ. वाल्टर हेसे त्रस्त झाले होते. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत ते जंतूंचा अभ्यास करीत. जंतू वाढविण्यासाठी घेतलेले जिलेटिन उष्म्याने वितळे. काही जंतू तर ते खाऊनच पातळ करीत. त्यांच्या पत्नी फॅनी यांनी उपाय सुचविला : आगर, म्हणजेच आपले चायना ग्रास! जावात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना ते ठाऊक झाले होते.

या गुणाचे मूळ रेणूंच्या रचनेत आहे. दोन्ही पदार्थ बहुवारिक, म्हणजे लांबलचक साखळ्यांचे. निवताना साखळ्या परस्परांना पीळ घालतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकते. जिलेटिन हे प्रथिन. त्याचे पीळ दुर्बल बंधांनी धरलेले असल्याने अंगाच्या उष्णतेनेही सुटतात. आगराच्या शर्करासाखळ्यांचे पीळ एकत्र येऊन जाड जुड्या बनतात. म्हणून शेकडा एक-दीड भाग आगरानेही पाणी गोठते. ते सुमारे ४० अंशांखाली थिजते, पण पुन्हा वितळावयास सुमारे ८५ अंश सेल्सियस उष्णता लागते. बहुतेक जंतूंना ते पचतही नाही.

साखळीत किंचित रासायनिक फेरफार केला तरी ताठरपणा बदलतो. ग्रॅसिलॅरिया नावाच्या समुद्रशैवालातील आगराला विद्युत्‌भारित सल्फेट गट चिकटलेले असतात. त्यांच्यामुळे साखळ्या परस्परांना दूर लोटतात, पीळ नीट बसत नाही आणि जेल मऊ राहते. म्हणून कारखान्यांत हे शैवाल उष्ण अल्कलीत ठेवतात. त्यामुळे बरेच सल्फेट गट निघून जातात, साखळीला योग्य वळण मिळते आणि जेल घट्ट होते.

क्षयाच्या जंतूंवरील १८८२ च्या निबंधात कॉख यांनी आगराचा उल्लेख केला. फॅनीबाईंचा मात्र नाही. आज जगभरच्या रुग्णालयांत रोगजंतू ओळखण्यासाठी आगराच्याच थाळ्या वापरतात. एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातील अनुभवाचे हे ऋण, पुढच्या वेळी वड्या पाडताना, आपण तरी स्मरावे.