विश्वासात शेवटपर्यंत टिकायचं कसं? देमास, मार्क, लक्ष्मीबाई टिळक आणि आपली पाणचक्की

छत्रपती संभाजीनगरमधून मी बोलतोय. तुम्ही हे बसमध्ये ऐकत असाल, वाळूजच्या शिफ्टवरून परत येताना ऐकत असाल, किंवा हेडफोन हरवलाय म्हणून इथे ब्लॉगवर वाचत असाल.

आजचा विषय एका मेसेजमुळे सुचला. एका ताईने लिहिलं होतं, "दादा, मी दर रविवारी चर्चला जाते. गाणी म्हणते, दान टाकते. पण आतून काहीच वाटत नाही. शब्बाथ शाळेत होते तेव्हाचा विश्वास कुठे गेला माहीत नाही. मी अजून विश्वासी आहे का?"

मी मेसेज वाचला आणि दोन दिवस उत्तरच दिलं नाही. विसरलो म्हणून नाही. हाच प्रश्न एकेकाळी माझाही होता, म्हणून. आज तिला आणि तुम्हाला सावकाश उत्तर देतो.

आधी माझं सांगतो

माझे वडील आजारी पडले तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. आमच्या मंडळीने उपवास केले, प्रार्थना केल्या. पाळक साहेब घरी यायचे, रात्री उशिरापर्यंत बसायचे. मला शंभर टक्के वाटत होतं की पप्पा बरे होणार. आठ महिन्यांनी ते गेले.

मी देवाशी भांडलो वगैरे नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं. मी फक्त बोलणं बंद केलं. रविवारची शिफ्ट मागून घ्यायला लागलो. बायबलचं ॲप फोनमध्ये होतं, स्टोरेज भरलं तेव्हा काढून टाकलं. कोणी विचारलं तर "काम खूप आहे" म्हणायचो. असं दीड-दोन वर्षं चाललं.

आजी मात्र रोज रात्री विचारायची, "प्रार्थना केलीस का?" मी म्हणायचो, "हो." एक दिवस ती म्हणाली, "बाळा, माझ्याशी खोटं बोललास तरी चालेल. त्याच्याशी बोलू नकोस. काहीच नसेल सांगायला तर तेवढं तरी सांग, की काही नाहीये."

त्या रात्री मी तेवढंच सांगितलं. "प्रभू, माझ्याकडे काही नाहीये." दोन वर्षांतली ती माझी पहिली खरी प्रार्थना. आकाश फाटलं नाही, अंगावर काटा आला नाही. पण बोलणं सुरू झालं.

देमास कसा गेला?

आता पवित्र शास्त्राकडे येऊ. नव्या करारात देमास नावाचा एक माणूस आहे. त्याच्यावर सहसा उपदेश होत नाही, कारण त्याचं नाव फक्त तीन ठिकाणी येतं. फिलेमोनाच्या पत्रात पौल त्याला आपला सहकारी म्हणतो, लूकच्या बरोबरीने. कलस्सैकरांच्या पत्रात चौथ्या अध्यायात तो सलाम पाठवतो, तिथेही लूक शेजारीच आहे. आणि मग २ तीमथ्य, अध्याय ४. पौल तुरुंगात आहे, मरण जवळ आलंय हे त्याला कळलंय, आणि तो लिहितो की देमासला या जगाचं प्रेम लागलं, तो मला सोडून थेस्सलनीकास निघून गेला.

बघा, इथे कुठलंही मोठं कांड लिहिलेलं नाही. चोरी नाही, व्यभिचार नाही, मूर्तीपुढे धूप जाळला असंही नाही. दुसरीकडे मन लागलं आणि तो गेला, एवढंच. बहुतेक लोक विश्वासातून असेच जातात. कोणी एका दिवशी उठून "मी ख्रिस्ताला सोडलं" अशी घोषणा करत नाही. आधी प्रार्थना लहान होते, मग रविवार सुटतो, मग मंडळीतल्या माणसांचे फोन उचलावेसे वाटत नाहीत.

पण याच अध्यायात, लगेच पुढच्या वचनात अजून एक नाव आहे. मार्क. पौल तीमथ्याला म्हणतो की मार्कला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हा मार्क कोण? प्रेषितांची कृत्ये अध्याय १३ उघडा. पहिल्या सुवार्ता-फेरीत पंफुल्यापर्यंत जाऊन अर्ध्यातून घरी परतलेला हाच तो तरुण. अध्याय १५ मध्ये त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांचं एवढं बिनसलं की दोघं वेगवेगळ्या वाटांनी गेले. पौल त्याला न्यायलाच तयार नव्हता.

म्हणजे एकाच पानावर दोन माणसं आहेत. एक बरीच वर्षं बरोबर चालून शेवटी गेला. दुसरा सुरुवातीलाच पळाला होता, पण शेवटी तोच हवाहवासा झाला. स्थिर राहणं म्हणजे कधीच न घसरणं, असं आपण समजतो ना? मार्ककडे बघितलं की कळतं, परत येणारा माणूससुद्धा स्थिर माणसांत मोजला जातो.

आपल्या मातीतली गोष्ट: लक्ष्मीबाई

तुम्ही म्हणाल, ही तर दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं. ठीक आहे, मग जवळचं उदाहरण घेऊ. आपल्या शहरातून नेवासा फाट्यावरून पुढे गेलं की अहमदनगर, म्हणजे आत्ताचं अहिल्यानगर. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या आयुष्याची बरीच वर्षं या नगर भागात गेली. आपण चर्चमध्ये टिळकांची भजनं गातो, पण त्यामागचं घर कसं होतं हे फार जणांना माहीत नसतं.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. कर्मठ ब्राह्मण घरातली मुलगी, लहानपणी लग्न झालेलं, पदरात मूल. नवरा ख्रिस्ती झाला ही बातमी म्हणजे तिच्यासाठी घर कोसळल्यासारखंच होतं. पुढची काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. नंतर त्या परत आल्या, पण ख्रिस्ती होऊन नाही. सोवळंओवळं पाळायचं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका छपराखाली दोन धर्म.

मग हळूहळू त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला की ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर त्यांनी कोणाकडून उसनं घेतलं नाही, स्वतः शोधलं. आणि १९०० साली, नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

इथे मला फार शिकायला मिळतं. तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखे, ख्रिस्ती घरात जन्मलेले. आपल्याला विश्वास वारशात मिळाला, पप्पांच्या घड्याळासारखा. लक्ष्मीबाईंना नवऱ्यामुळे तो आयता घेता आला असता. त्या काळात बायकोने नवऱ्यामागे जाणं यात नवल काही नव्हतं. पण त्या थांबल्या, आणि स्वतःचं झाल्यावरच हो म्हणाल्या. उसना विश्वास पहिल्या मोठ्या संकटात परत द्यावा लागतो. पप्पा गेले तेव्हा माझं तेच झालं. माझ्याजवळ होता तो बराचसा पप्पांचाच विश्वास होता.

आणि पुढचं आयुष्य काही मऊ गादीचं नव्हतं. टिळक मनस्वी माणूस, हातात आलेलं देऊन टाकणारे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. त्यांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. त्याचे थोडेच अध्याय झाले होते.

ते पूर्ण कोणी केलं? लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, जिला लिहायला-वाचायला नवऱ्याने शिकवलं, तिने पुढचे ६४ अध्याय लिहिले. शिवाय 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये आला, आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. म्हणजे साठी उलटून गेल्यावर त्यांचं हे काम लोकांसमोर आलं.

१८९५ मधल्या त्या रडणाऱ्या बाईला कोणी सांगितलं असतं की तू एक दिवस ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करणार आहेस, तर तिने त्याला हाकलूनच दिलं असतं! म्हणून आज तुमचा विश्वास कसा वाटतोय यावरून शेवट ठरवू नका.

पाणचक्कीचं पाणी

आता आपल्या शहरातलं एक चित्र देतो. पाणचक्की सगळ्यांनी बघितली आहे, शाळेच्या सहलीला तरी. पाणी भिंतीवरून कोसळतं, खाली हौदात पडतं, पूर्वी त्याच पाण्यावर जातं फिरायचं आणि दळण निघायचं. फोटो आपण त्या कोसळणाऱ्या पाण्याचा काढतो. पण ते पाणी तिथलं नाहीच. ते कित्येक किलोमीटर लांबच्या डोंगरातल्या झऱ्यातून, जमिनीखालच्या खापरी नळांतून येतं. अठराव्या शतकातली ही रचना. नळ कोणी बघत नाही, त्याच्याबरोबर सेल्फी घेत नाही. पण नळ तुंबला की चक्की थांबली.

कन्व्हेन्शनमधला जोश, युथ कॅम्पमधलं रडणं, वर्शिपमध्ये वर गेलेले हात, हे कोसळणारं पाणी आहे. छान आहे, मला आवडतं. पण ते कमी झालं म्हणून झरा आटला असं नसतं. उन्हाळ्यात धार बारीक होते. आपलं काम नळ साफ ठेवणं.

तो कसा ठेवायचा? मला उपयोगी पडलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, लहान पण रोज. सकाळी अलार्म बंद केल्यावर रील्स उघडायच्या आधी पाच मिनिटं. एक स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला एक उतारा. दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थना करायचा, आणि राजाची बंदी आल्यावरही त्याने तेच केलं, पूर्वी करायचा तसंच. सिंहांच्या गुहेत लागलेलं बळ त्याने त्या दिवशी नव्याने गोळा केलं नाही, ते रोजच्या सवयीत साठलेलं होतं.

दुसरी, एकटं राहू नका. ऑनलाइन उपदेश ऐका, हा पॉडकास्टही ऐका, पण मी तुमच्या घरी डबा घेऊन येऊ शकत नाही. तुमच्या मंडळीतली मावशी येऊ शकते. पप्पांच्या वेळी आमच्या घरी दोन आठवडे चूल पेटली नव्हती, आणि एक दिवसही आम्ही उपाशी राहिलो नाही. मी रागात होतो तेव्हाही ते डबे खोटे होते असं मला म्हणता आलं नाही. नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलात तर पहिल्या महिन्यातच मंडळी शोधा. "सेटल झाल्यावर बघू" म्हणणारे सेटल होतात, पण बघत नाहीत.

तिसरी, शंका लपवू नका. शंका म्हणजे अविश्वास नव्हे. स्तोत्रसंहितेत देवाला "किती वेळ?" असं विचारणारे भक्त आहेत, आणि त्यांची तक्रार देवाने आपल्याच पुस्तकात ठेवून घेतली. एखादा वडीलधारा, भरवशाचा माणूस शोधा आणि त्याच्यापुढे मोकळे व्हा. कोणी "शंका घेऊ नकोस" म्हणून गप्प केलं, तर दुसऱ्याला विचारा, पण विचारणं थांबवू नका.

चौथी, हातांना काम द्या. मला परत यायला सर्वांत जास्त मदत उपदेशाने झाली नाही. आजीने मला शब्बाथ शाळेच्या खुर्च्या लावायला पाठवलं, त्याने झाली. सहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "दादा, येशू पाण्यावरून चालला तेव्हा त्याचे पाय ओले झाले का?" मी हसलो, आणि उत्तर शोधायला दोन वर्षांनी बायबल उघडलं.

शेवटचं, आणि सर्वांत महत्त्वाचं

हे सगळं ऐकून वाटेल की टिकणं म्हणजे आपलीच मेहनत. तसं नाही. लूकच्या शुभवर्तमानात, २२ व्या अध्यायात, प्रभू येशू पेत्राला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. आणि हे तो कधी सांगतो? पेत्राने त्याला नाकारायच्या आधी. पडणार हे ठाऊक असून आधीच प्रार्थना करून ठेवलेली! वर हेही सांगितलं की परत फिरलास की आपल्या भावांना स्थिर कर. मी नळ साफ करतो, पण पाणी मी तयार करत नाही.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ज्याला काहीच फरक पडत नाही, तो असा मेसेज करत नाही. तुला काही वाटत नाहीये याचं तुला वाईट वाटतंय, म्हणजे आत कुठेतरी पाणी अजून वाहतंय. आज रात्री मोठी प्रार्थना करू नकोस. जे आहे ते सांग. काही नसेल तर काही नाही म्हणून सांग.

माझी आजी आता थकली आहे. डोळ्यांना दिसत नाही, भजनाचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत उशाशी असतं, पण उघडावं लागत नाही, सगळं पाठ आहे. ती अजूनही रोज रात्री विचारते, "प्रार्थना केलीस का?" काल मी "नाही, आज राहिली" म्हणालो. ती म्हणाली, "मग बस, आत्ता करू." आणि आम्ही केली.

तुमच्या घरात असं विचारणारं कोणी असेल तर आज त्यांना फोन करा. नसेल, तर कुणासाठी तरी तुम्ही ते माणूस व्हा. पुढच्या भागात भेटू. प्रभू तुम्हाला राखो. आमेन.